मोठ्या आईची मांडी

मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, घरातल्या पुरुषांशी कधीच बोलत नसे. बोलायची ती म्हशीशी. सासरा ओटीवर असला की गोठ्याकडे तोंड करून म्हणायची, "काय गो चंद्रे, सरपण संपलंय. आता चुलीत मी पाय घालू, का तू घालतेस?" थोड्या वेळाने सासरा खाकरत उठायचा आणि कोयता घेऊन रानाकडे निघायचा. आमच्या संसाराची जेवढी खबर त्या म्हशीला होती, तेवढी घरात कुणालाच नसावी.

उमरठच्या वर डोंगरात आमची वाडी. घरात दोन जावा. थोरलीने चूल, गुरं आणि पोरं बघायची, धाकटीने शेत आणि रान, असा रिवाजच होता. धाकटी म्हणजे माझी आई. ती झुंजूमुंजूला विळा घेऊन निघायची आणि दिवेलागणीला परतायची. तोवर मी मोठ्या आईच्या मांडीवर झोपलेली असायचे. मोठ्या आईला मूल नव्हतं. तिचा सगळा जीव माझ्यात होता, आणि हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. माझ्या वेण्या मात्र इतक्या ओढून घालायची की डोळ्यांत पाणी यायचं.

वडील मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. एका शिमग्याला आले ते काडीमोड ठरवूनच. तिकडे त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलं होतं. पालखी घरोघर फिरून देवळात बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. देवळापुढे पुरुष, कडेला बायका. गवताची काडी मोडायला कितीसा वेळ लागतो? वडिलांनी ती मोडली, तुकडे टाकले, हात झटकले. आई खाली मान घालून बसली होती. रीतीप्रमाणे मी बापाच्या घरची. पण ते ऐकताच आईने सगळ्यांपुढे पदर पसरला.

गावकीतल्या म्हाताऱ्याने तोडगा काढला. "पोरीला मधी उभी करा. आईकडं गेली तर आईची, थोरलीकडं गेली तर घरची."

मला मधे उभं केलं. आईने पदर दातांत धरला होता आणि ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी चार-पाच वर्षांची. इतकी माणसं बघून घाबरले आणि घाबरल्यावर रोज जिथे जायचे तिथेच गेले. मोठ्या आईच्या मांडीत तोंड खुपसलं. तिचे हात माझ्या पाठीवर गच्च बसले.

"झालं," म्हातारा म्हणाला. "पोर घरची."

माणसं उठायला लागली. मागून एक बाई म्हणाली, "थोरलीचं नशीब उघडलं."

तेव्हा मोठी आई मला कडेवर घेऊन उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा पुरुषांकडे तोंड करून बोलली. "ह्यो निवाडा खोटा हाय. पोर माझ्याकडं आली ती सवयीनं. हिची आई माझ्या वाटणीचं बी रानातलं काम ओढीत होती, म्हणून पोर माझ्या मांडीवर वाढली. राबली ती, नि पोर मला?"

"खाली बस," तिचा नवरा गरजला.

ती बसली नाही. "पोर देत नसाल तर मला बी तिच्यासंगं धाडा. मंग घरात चूल कोण पेटवतं ते बघा."

शेवटी सासराच खाकरत उठला आणि म्हणाला, "जाऊ द्या पोरीला."

आईकडे देताना मी मोठ्या आईच्या चोळीला धरून बसले. तिने माझं एकेक बोट सोडवलं. मी तिला लाथा मारल्या. ती आईला एवढंच म्हणाली, "मागं बघू नको. पोरीला बी बघू देऊ नको."

आम्ही पाचाडला आजोळी आलो. काडीमोड झालेल्या घरांनी एकमेकांचं पाणीही प्यायचं नाही, त्यामुळे भेट तुटलीच. न्यायबिय मला कळत नव्हता. मोठ्या आईने मला टाकली एवढंच कळत होतं, आणि ते फार वर्षं सलत राहिलं. आईपुढे तसं बोलले की आई मात्र माझ्यावर डाफरायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने कुणाला न जुमानता मोठ्या आईला बोलावणं धाडलं. ती आली. मांडवाच्या कडेला अंग चोरून बसली. पाणी विचारलं तर नको म्हणाली. मग आईच तांब्या घेऊन तिच्यापुढे बसली. "प्या, आक्का. काडी माझी नि त्यांची मोडलीय. तुमची माझी नाय."

ती घटाघटा प्याली.

पाठवणीच्या वेळी मुलीला मांडीवर घेऊन सासूच्या हाती सोपवतात. आई म्हणाली, "आक्का, तुमीच सोपवा. माझ्याकडं बी तुमीच सोपवली होती."

मोठ्या आईने मला मांडीवर घेतलं. पिवळ्या लुगड्यातली मी थोराड पोर, माझे पाय जमिनीला टेकत होते. सासूने हात पुढे केले. मोठ्या आईने माझ्या पाठीवर हात बांधले ते सोडीचना.

"मला नाय जमायचं, गो," ती म्हणाली. "एकदा केलं ते केलं."

शेवटी आईनेच मला तिच्या मांडीवरून उठवलं.