चार नंबरची खोली

माझं झेरॉक्सचं दुकान लोणावळा स्टेशनजवळ, एका लॉजच्या समोर आहे. गिऱ्हाइकांच्या आधार कार्डाच्या प्रती काढायला लॉजचा मॅनेजर धम्मदीप दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडतो. माणूस जवळच्या टाकवे गावचा. त्या काउंटरमागे त्याची एकोणीस वर्षं गेली, आता जिना चढताना कठड्याला धरतो.

पोलिसांची मोटारसायकल दिसली की तो रजिस्टर उघडून ठेवतो आणि वर जाऊन एकेक दार वाजवतो. जोडपी खाली येतात, रस्त्याकडे पाठ करून ओळीत उभी राहतात. बापाचा नंबर सांग, लग्न कधी झालं, पुरावा दाखव. असा पुरावा मागायचा कायदा नाही म्हणे. पण हे बोलायला आमच्या गल्लीत वकील कुणाकडे आहे?

वरच्या मोठ्या रिसॉर्टला मी कागदाचे गठ्ठे पोचवतो. तिथलीही तपासणी मी पाहिली आहे. हवालदार मागच्या दाराने आत गेला, सिक्युरिटीवाल्या साहेबांच्या केबिनमध्ये कॉफी प्यायला आणि पाहुण्यांची छापील यादी खिशात घालून परतला. पाहुण्यांना पत्ताही नव्हता. बळी तो कान पिळी, दुसरं काय!

हे सगळं ठाऊक असून धम्मदीपने चूक केली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याने बायकोला लोणावळ्याला आणलं. रेणुका जन्मात कधी हॉटेलात राहिली नव्हती. रिसॉर्ट परवडणारं नव्हतंच. मालकाला विचारून त्याने तिला चार नंबरची, डोंगर दिसणारी खोली दिली, नवी चादर स्वतः अंथरली. एक दिवस तिला कुणी हातात चहा आणून द्यावा, एवढीच त्याची हौस. फक्त रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहिलं नाही. स्वतःच्या बायकोची नोंद कोण करतं?

दुपारी तीनला नवा हवालदार आला. मी प्रती द्यायला काउंटरवर गेलो होतो.

"चार नंबरला कुलूप नाही आणि नोंदही नाही. कोण आहे वर?"

"माजी मिसेस हाय, साहेब."

"सगळे हेच सांगतात. बोलव खाली."

धम्मदीप जिना चढला; चार नंबरचं दार मला काउंटरवरून दिसत होतं. नेहमीसारखं दोनदा दार वाजवून मागे सरकून उभा राहिला. "रेणुका, चेकिंग हाय. कार्ड घेऊन खाली ये." आवाजही नेहमीचाच, गिऱ्हाइकाला लावतो तो. मला त्याचा भयंकर राग आला.

ती नव्या साडीत, पदर सावरत उतरली आणि आधीच खाली बोलावलेल्या एका तरुण जोडप्याशेजारी ओळीत उभी राहिली. तिचं आधार कार्ड ती माहेरी, शिरगावात गेली असताना शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं. त्यावर वडिलांचं नाव. बदलायचं राहून गेलं. आमच्याकडे निम्म्या बायकांचं राहतं.

"नवऱ्याचं नाव कुठंय? लग्नाचा पुरावा?"

"साहेब, मी ओळखतो यांना," मी म्हणालो.

"तुम्हाला विचारलं?"

तेव्हा रेणुकानेच फोन काढला. "पोरगा बावीस वर्षांचा हाय, साहेब. त्यालाच इचारा." तिने स्पीकर लावला. "हृतिक, तुजा बाप माजा नवरा हाय, एवढं साहेबांना सांग रं बाळा."

पलीकडून पोरगा म्हणाला, "व्हय साहेब. आई हाय ती माजी." आणि लगेच, "आई, तू कुटं हाईस? काय झालं?"

हवालदाराने कार्ड परत दिलं. "नोंद करत जा हो," म्हणाला आणि गेला. जोडपं खाली मान घालून वर गेलं. रेणुका तिथेच उभी राहिली.

"अवं, तुमी रोज लोकांस्नी असंच हुबं करता व्हय?"

"व्हय," धम्मदीप म्हणाला. मग त्याने रजिस्टर ओढलं, चार नंबरपुढे तिचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहायला घेतलं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "वरनं माजी पिशवी आणा. मी जाते घरला."