कुंकू लागलेला पंप

आपल्या जुन्या गाड्यांच्या मेल-ग्रुपमधल्या मंडळी, गाडी बाहेर उभी करून सायबर कॅफेत आधी हेच लिहायला बसलोय.

माझ्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा धूर कमी करणारा मूळ पंप शेवगावच्या मिस्त्रींनी भंगारात घातला, असं मी तुम्हाला मागच्या मेलमध्ये लिहिलं होतं. ते खोटं होतं. गाडी नीट ओढत नाही म्हणून काही वर्षांपूर्वी मीच तो काढायला लावला होता आणि वर म्हणालो होतो, "टाकून द्या." तुमच्यासमोर ते कबूल करायची लाज वाटली.

गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची म्हणून आज दुसरा पंप कुठे मिळेल का, हे विचारायला मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी फळीवरून तोच पंप काढला. त्यावर हळदीकुंकवाचे थर होते. दर खंडेनवमीला हत्यारांसोबत त्याचीही पूजा झाली होती.

"चालू वस्तू हाय, टाकायची कशी?" ते म्हणाले.

दुपारपर्यंत त्यांनी तो बसवलासुद्धा. निघताना म्हणाले, "तुमच्या दोस्तांना सांगा, मिस्त्रीनं लई जपून ठेवला हुता."

तो निरोप तुम्हाला दिला. माझी ती मेल त्यांनी वाचलेली नाही, तुम्ही वाचलीय. मी तुमच्याकडे त्यांच्यावर खोटा आळ घेतला होता, हे आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?