तिसऱ्या पिस्टनचं कुंकू

बाबांना ऐकू येत नाही हे पोलादपुरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाबांनाच माहीत नव्हतं. निदान आमची सगळ्यांची तशी समजूत होती.

हायवेला लागून आमचं गॅरेज होतं. घाट उतरून आलेल्या गाड्या दारात थांबायच्या आणि बाबा बॉनेटला हात न लावता काय बिघडलंय ते सांगायचे. त्यांच्या कानाची ख्याती पार महाडपर्यंत पोचलेली. गंमत अशी, की ते कान लहानपणापासून वाहायचे. पावसाळाभर दोन्ही कानांत कापसाचे बोळे असायचे. पन्नाशीनंतर ऐकू येणं कमी कमी होत गेलं, आणि आई गेली त्या वर्षापासून तर समोरून ओठ दिसल्याशिवाय त्यांना काही कळेनासं झालं. गिऱ्हाईकं मात्र समजूतदार. हातवारे करून बिघाड सांगायची, आणि शेवटी बाबांनी "आता कसा वाटतोय आवाज?" असं विचारलं की एकदम बेस, म्हणून मान डोलवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकून ठेवायला अख्खी पेठ मदतीला.

सगळ्यात मोठी मदतनीस मीच. मी तेव्हा कापडे गावच्या शाळेत शिकवत होते. दिवसभर पोरांवर ओरडून संध्याकाळी घरी यायचे आणि मुकी व्हायचे. घरात आम्ही दोघंच. मोठ्यानं बोललं तर मला कळलंय हे त्यांना कळेल, आणि हळू बोललं तर त्यांना ऐकू येणार नाही. म्हणून मी बोलणंच कमी केलं. चहा हवा का विचारायच्या ऐवजी कप पुढे ठेवायचा. यायला उशीर होणार असेल तर पाटीवर खडूनं लिहून जायचं. हे मी प्रेमापोटी करत होते, आणि आपण फार शहाण्या आहोत असं मला वाटत होतं.

आई जाऊन चार वर्षं झाली त्या वर्षी, बाबांकडे नेहमी येणाऱ्या महाडच्या एका डॉक्टरांनी आपली जुनी गाडी आणली. काळी, गोल दिव्यांची, डॉक्टरांच्या वडिलांपासून घरात असलेली. इंजिन पार गेलेलं. बाबांनी ते सगळं उघडलं, ब्लॉकची झिजलेली भोकं बोअरिंगनं नव्यानं घासून आणली, नवे चार पिस्टन मागवले आणि दिवाळीच्या आधी नव्यानं इंजिन बांधलं. त्या गाडीवर त्यांचा जीव जडला होता. जेवतानाही त्यांची बोटं ताटाच्या कडेला नट फिरवल्यासारखी हलायची.

पिस्टन आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पान्ह्यांच्या शेजारी पाटावर झेंडूच्या फुलांत चारही मांडले. हळदकुंकू वाहायचं काम लहानपणापासून माझं. बाबांचा एक नेम होता. पूजेतले तीन पिस्टन पुसून घ्यायचे आणि एक मात्र कुंकवासकट इंजिनात घालायचा. आत देव बसतो, म्हणायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी डॉक्टर गाडी न्यायला आले. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, आणि आतून आवाज आला. ठक, ठक, ठक. रेस केली की जलद, सोडली की हळू.

बाबा हसत उतरले. "बघा डॉक्टरसाहेब. शिलाईची मशीन चाललीया जशी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. असा नॉकिंगचा आवाज घेऊन गाडी महाडला गेली असती तर वाटेतच इंजिन बसलं असतं की काय, कोण जाणे, पण बाबांच्या नावाला तर बट्टा लागलाच असता. आणि सांगायचं म्हटलं, तर ते भर हायवेवर त्यांच्या तोंडावर सांगावं लागणार होतं. खोटं सांगत नाही, मी "छान आहे" म्हणायला तोंड उघडलंही होतं.

पण बाबांनी आमची नजरानजर पाहिली होती. "काय हाय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बॉनेट उघडलं. लांब, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. ही त्यांची जुनी रीत. इकडे लावली, तिकडे लावली. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग प्लगच्या वायरी बघायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी मूठ दातांत धरली आणि वाकले. टोक इंजिनाला लागलं मात्र, बाबा तसेच थांबले.

कानातून जे पोचत नव्हतं ते दातांतून पोचलं होतं.

त्यांनी डोळे मिटले. मूठ दातांत घट्ट धरून टोक एकेका सिलिंडरपाशी नेलं. तिसऱ्याशी थांबले. कोरड्या फडक्यानं तिसऱ्या प्लगची वायर काढली. इंजिन अडखळलं, आणि ठकठक जवळजवळ मेली. वायर लावली, परत सुरू.

"तिसऱ्यात हाय," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. आवाज सापडल्याच्या आनंदानं की इतका वेळ न ऐकल्याच्या लाजेनं, मला सांगता येणार नाही. मलाही रडू आलं.

इंजिन निवल्यावर त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. डॉक्टर बाकावर बसून राहिले. तीन पिस्टनच्या माथ्यावर बारीक बाण होते, तिन्ही गाडीच्या तोंडाकडे. जुन्या पिस्टनांना असले बाण नसायचे, कसेही बसवले तरी चालायचे. तिसऱ्याच्या माथ्यावर माझं कुंकू जळून काळं झालेलं. बाबांनी ते नखानं खरवडलं. खाली बाण होता, सीटकडे तोंड करून. देव उलटा बसवला होता आम्ही.

मला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. हात पुसून ते डॉक्टरांसमोर उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, मला ऐकू येत नाय."

"मला माहीत आहे, मिस्त्री. चार वर्षं झाली," डॉक्टर सावकाश, ओठ दिसतील असे बोलले. "तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबलो. चुकलंच माझं. उद्या दवाखान्यात या, कान बघू."

"मग गाडी माझ्याकडं कशाला दिलीत?"

"हे इंजिन दुसऱ्या कोणाला देणार होतो मी?"

बाबांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे वळले. "तुला पन माहीत व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"आई गेली तेव्हापासून," मी पुटपुटले. मग वर्गात बोलते तशी पुन्हा म्हणाले.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "मंग बोलायचं का सोडलंस गो? मला वाटलं, तुझ्या आयशीला मी येळेवर महाडच्या दवाखान्यात नेलं नाय, त्याचा राग धरून हायस."

"नाही, बाबा," मी म्हणाले. ते मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा "नाही" म्हणाले, तेव्हा हायवेपलीकडच्या चहावाल्यानं वळून पाहिलं.