चार नंबरची जर्सी

काल आमच्या फुटबॉल क्लबची बस गल्लीच्या तोंडाशी सिग्नलला थांबली होती. काळ्या काचांची, एसीची. शेजारच्या आक्कांनी कट्ट्यावरून हात वर केला. आतून कुणी पाहिलं का, कळलं नाही.

हा क्लब आमच्याच गल्लीतल्या तालमीत निघाला. तेव्हा जर्स्यांचा एकच संच होता. मॅच झाली की प्रत्येक घरी एक जर्सी धुवायला जायची. घालणारा बदलला तरी धुणारं घर बदलत नसे. चार नंबर कायम आक्कांकडे. दोऱ्यांवर जर्स्या वाळताना दिसल्या, की आमच्या मनात पुढची मॅच सुरू व्हायची.

मग आम्ही जिंकत गेलो. मोठी लीग आली, मालक आले, खेळाडूही बाहेरून आले. हेच तर तालमीतल्या मारुतीपुढे मागितलं होतं. मागताना हातचं काय सुटणार आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

बस निघून गेली.

"चार नंबर आता कोण घालतंय रं?" आक्कांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. परदेशी नाव, त्यांना ते नीट ऐकायचंही नव्हतं.

"असू दे कुणीबी," रिकाम्या दोरीकडे बघत त्या म्हणाल्या. "धुतंय कोण?"