पूर्ण सहमत

"तुम्ही पुरेशी मेहनत केली नाहीत, म्हणून आज घरी बसलात. सहमत की असहमत?"

आमचे सर माझ्या बाबांना विचारत होते. घरात एकच स्टूल. त्यावर सर बसलेले. बाबा समोर उभे. स्वतःच्या घरात. दारात माझ्या वर्गातल्या मुली, नाकाला रुमाल लावून.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी ठाण्याच्या एका कॉलेजात सामाजिक मानसशास्त्र शिकत होते. सरांना बेकार कामगारांच्या वृत्तीवर पेपर लिहायचा होता. "तुझ्याच घरापासून सुरुवात करू, लोक बिचकणार नाहीत," म्हणाले. मी मान हलवली आणि सगळ्यांना बाळकुमला, आमच्या चाळीत घेऊन आले.

बाबा माजिवड्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. लग्नाच्या आधीपासून. मालकाने एका सकाळी गेटला कुलूप घातलं. मशिनी बाहेर गेल्या, माणसं राहिली. त्याबद्दल सरांनी एक शब्द विचारला नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "साहेब, कुठलं उत्तर दिलं तर हिला मार्क मिळतील?"

मुली हसल्या. सरही हसले. "तसं नसतं हो. मनात असेल ते सांगा."

"मग सहमत लिवा. पूर्ण सहमत."

पुढे प्रत्येक प्रश्नाला तेच. तुमच्यात जिद्द कमी आहे? पूर्ण सहमत. दोष दुसऱ्यांवर ढकलता? पूर्ण सहमत. मी भिंतीला टेकून उभी.

नंतर सरांनी वर्गात निष्कर्ष सांगितला. बेकार कामगारांत जिद्दीचा अभाव. मुली उतरवून घेत होत्या. मी उठले.

"सर, कारखाना मालकाने बंद केला. तो प्रश्न कुठाय?"

"ते अर्थशास्त्र झालं. आपण माणसाचं मन बघतो."

"मग मालकाचं बघा ना. त्याच्या घरी कधी जायचं?"

"पर्सनली घेऊ नकोस. खाली बस."

नाही बसले. "माझ्या बापाची उत्तरं काढून टाका," म्हटलं. त्यांनी मलाच वर्गाबाहेर काढलं.

घरी आले, तर बाबा आईला सांगत होते, "माझ्यातच खोट असणार गं. एवढा शिकलेला माणूस उगाच विचारील का?"

कुलूप लागलं तेव्हाही बाबा असं बोलले नव्हते.

मी पुढ्यात बसून म्हटलं, "बाबा, खोट त्या प्रश्नांत होती." त्यांना पटलं नाही. मरेपर्यंत पटलं नाही.

विषय मी सोडला नाही. सोडला असता, तर तो सरांचाच राहिला असता. त्या दिवशी ठरवलं, यातच शिकायचं. आणि उपाशी माणसाला त्याची चूक विचारायला जो कोणी येईल, त्याला आधी मालकाचं दार वाजवायला लावायचं.