हिचा बिरेक कुठं हाय?

चाकं असलेलं काहीही समोर आलं की मामा वाकून खाली बघायचे आणि विचारायचे, “हिचा बिरेक कुठं हाय?” मग ती सायकल असो, नाहीतर उसाची बैलगाडी. शेजारच्या बाळाच्या पांगुळगाड्याला ब्रेक नाही म्हणून त्यांनी त्याच्या आईला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

मामा म्हणजे कोपरगावकडच्या आमच्या साखर कारखान्याचे जीप ड्रायव्हर. मी तिथंच कारकून. बहात्तर सालच्या आसपासची गोष्ट. नवी नोकरी, नवी बेलबॉटम आणि अंगात बिनकामाची मस्ती. वर्कशॉपमधल्या मित्राने भंगारातली बेअरिंगं चाकं म्हणून ठोकून एक लांब फळी केली होती. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंतच्या डांबरी उतारावर आम्ही तिच्यावर उभे राहून सुटायचो. सुटताना उभे असायचो एवढंच खरं. खाली पोचायचो ते लोळत, कधीकधी फळीच्याही आधी.

त्याच हंगामात मामांची नजर अधू झाली. साहेबांनी जीपची किल्ली काढून घेतली आणि निवृत्तीपर्यंत फाटकावर स्टूल दिलं. मामांचा हात मात्र सारखा किल्लीच्या खिशाकडे जायचा. मला ते बघवत नसे.

“हिचा बिरेक कुठं हाय?” त्यांनी फळीबद्दल विचारलंच.

“नाहीये, मामा.”

“मग थांबता कसं?”

मी सोललेलं कोपर दाखवलं.

एकदा घाबरून माझे गुडघे वळले, फळी आडवी झाली, किंचाळत घासली आणि थांबली. मी पुढे, रस्त्याकडेच्या उसाच्या पाचटात. मामा धावत आले ते फळीकडे. “घावला बिरेक. आडवी घातली की थांबती. तुमी तेवढं थांबत न्हाई, कारकून.”

मग त्यांनी गोणपाटाचे हातमोजे शिवले, तळव्याला टायरचे तुकडे लावले. गुडघे वाकवायचे, एक हात डांबरावर टेकायचा, फळी आडवी घालायची. आम्ही शिकलो, म्हणजे पद्धतशीर पडायला लागलो. आणि एके दिवशी मामा स्वतःच चढले. “जायच्या आधी येकदा उभ्यानं थांबवनार,” म्हणाले.

“फाटक दिसतंय का?”

“न्हाई. पन हाय तितंच हाय ना ते?”

रोज प्रयत्न, रोज आपटी. हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी ठरलं, की मी बाजूने पळायचं आणि जागा आली की “आडवी” म्हणून ओरडायचं. मी जोरात पळालो. ऐन जागेवर बेलबॉटम पायात अडकली आणि तोंड पाचटात गेलं. शब्द बाहेर पडेना. पुढे फळी किंचाळली आणि सगळं शांत झालं.

मान वर केली तर फाटकापासून वीतभर अंतरावर मामा फळीवर उभे. त्यांनी कमरेपाशी हात फिरवून गाडी बंद केली आणि नसलेली किल्ली खिशात टाकली.

“मामा, मला ओरडताच आलं नाही. पडलो.”

“ऐकलं की. त्यावरच तर आडवी घातली. तुमी रोज तितंच पडता.”

मामा निवृत्त होऊन गावी गेले, ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या हंगामात मी त्याच जागी पडलो, चांगला आवाज करून. फाटकावरच्या स्टुलावर ऐकायला कोणी नव्हतं.