दाजींचं पुढचं चाक

दाजी गेल्याचं ज्याला ज्याला कळवलं, त्याने त्याने आधी एकच विचारलं, "सायकलवरून पडले का?" नाही, काविळीने गेले, असं सांगितलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर थोडी निराशाही दिसायची. मला त्यात कुणाचं काही वावगं वाटलं नाही. निरोप आला तेव्हा मी चिंचवडच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात उभा राहिला, "मास्तर, तुमचे दाजी..." एवढंच म्हणाला, आणि माझ्याही डोळ्यांपुढे आधी सायकलच आली. वास्तविक कित्येक दिवस मी त्यांना पिवळं पडत जाताना बघत होतो. झाडपाला झाला, कावीळ उतरवून झाली, शेवटी पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तरीसुद्धा दाजी काविळीने जातात यापेक्षा दाजी सायकलवरून पडतात, हेच मनाला जास्त ओळखीचं होतं. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. नाव किसन. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कामाला होते आणि कंपनीच्याच चाळीत राहत होते. पण ही झाली अलीकडची ओळख. मूळचे ते चाकणजवळच्या एका गावचे, आणि त्या बाजूच्या यात्रांमध्ये त्यांना सगळे ओळखत ते घोडीमुळे. यात्रेत बैलगाडे पळतात हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. घाट म्हणजे चढावरची लांब धावपट्टी. तिथे गाड्याला जुंपलेल्या बैलांपुढे एक घोडी पळवतात, आणि बैल तिच्या मागे लागून सुसाट सुटतात; गाड्याच्या अशा एका पळीला बारी म्हणतात, आणि पुढे घोडी पळवण्याला घोडी धरणं. त्या घोडीवर बसायला छाती लागते, कारण मागून येणारे बैल काही थांबत नसतात. दाजींची घोडी होती चंद्री. घाट संपला, भंडारा उधळला, की दाजी चंद्रीला मागच्या दोन पायांवर उभी करत आणि तशीच चार पावलं चालवत. लोक फेटे उडवत. आक्काचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या चऱ्होलीच्या वडीलधाऱ्यांनी जमीन किती हे विचारायच्या आधी घोडीचीच चौकशी केली होती.

मग भावाभावांत वाटण्या झाल्या. दाजींच्या वाटणीला ओढ्याकडेची एक पट्टी आली आणि राहत्या घरातला एक सोपा. त्याच वर्षी चंद्री पोट फुगून मेली. दाजींनी तिला पट्टीच्या बांधाला पुरलं, आणि पुढे त्या पट्टीत पेरायलाही ते नीट गेले नाहीत. कुणीतरी पिंपरीचा कारखाना सुचवला, आणि मी अर्ज लिहून दिला. घोडीच्या पाठीवर वाढलेला माणूस भोंग्यावर उठू लागला, भोंग्यावर जेवू लागला... आणि व्हायचं तेच झालं. दोनदा ते न सांगता गावी निघून गेले. दोन्ही वेळा मी फोरमनच्या हातापाया पडून त्यांना परत घेववलं. तिसऱ्यांदा येऊ नका, असं फोरमनने मलाच बजावलं, जसा काही मीच पळत होतो.

दाजी गावी गेले की त्यांना बरं वाटत असेल, पण आक्काचं तिथे काही नव्हतं. एका सोप्यात चूल, तीही थोरल्या जावेच्या नजरेखाली. पाणी ओढ्यावरून. इथे चाळीच्या टोकाला नळ होता, चूल स्वतःची होती, आणि पोरीचं नाव तिने माझ्या शाळेत घातलं होतं. एकदा डाळ निवडता निवडता ती मला म्हणाली, "त्यांचा जीव हितं लागंना, आन् माझा तिथं लागंना. आता कुनाचा जीव मोठा, तूच सांग." मीही डाळीतले खडे वेचू लागलो. वर्गात मला सगळं सांगता येतं, घरात नाही.

अशात चिंचवडच्या गावठाणात एक सायकलवाला आला. आठवडाभर सायकलवरून खाली न उतरणारे हे लोक गावोगाव हिंडतात. मैदानात दोऱ्या बांधून घ्यायच्या, कर्णा लावायचा आणि गोल गोल फिरत राहायचं. तो सायकलवरच खायचा, सायकलवरच दाढी करायचा. संध्याकाळी गर्दी जमली की तो हँडल वर ओढायचा आणि पुढचं चाक अधांतरी ठेवून मागच्या एकाच चाकावर मैदानाला फेरी मारायचा. मी दाजींना करमणूक म्हणून घेऊन गेलो होतो. बाकी सगळं त्यांनी जांभया देत पाहिलं. पुढचं चाक वर गेलं तेव्हा मात्र ते ताठ झाले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो तर घोडी उभी करतोय." खेळ संपायची वाट बघायची सोय नव्हती, कारण तो उतरणारच नव्हता. म्हणून दाजी दोरीखालून आत शिरले आणि त्याच्या बाजूने पळत पळत विचारू लागले. मैदानभर हशा झाला. त्याने पायडल मारता मारता एवढंच सांगितलं, "हातानं न्हाई उचलायची भाऊ, अंग मागं टाकायचं."

दुसऱ्या दिवसापासून दाजी पहिली शिफ्ट सुटली की सायकल घेऊन रेल्वेलाइनच्या पलीकडे जाऊ लागले. तिथे नव्या कारखान्यांसाठी आखलेला एक रस्ता होता, ज्यावरून अजून गाडी गेलेली नव्हती. वय पस्तिशीच्या पुढे, डोक्याला टोपी, अंगात कंपनीची खाकी... आणि हा माणूस तिथे एकटा सायकलशी झगडत होता. आक्काने मला सोबत जायला सांगितलं, म्हणून मीही जाऊ लागलो. मला या उद्योगात काही अर्थ दिसत नव्हता, आजही फारसा दिसत नाही. पण ते का पडतात हे दोन-चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं. घोडी उभी राहते तेव्हा स्वाराने तिच्या मानेवर पुढे झुकायचं असतं आणि लगाम ढिला सोडायचा असतो. मागे रेललात तर ती उलटून तुमच्यावरच पडते. दाजींच्या चुलत्याचा खुबा असाच मोडला होता. सायकलचं सगळं उलट. दाजी हँडल ओढत, चाक वीतभर वर येई, आणि नेमक्या त्या क्षणी ते पुढे झुकत आणि हँडलवरचे हात सैल सोडत! चाक वाकडं होऊन खाली येई आणि दाजी त्याच्याही पुढे. वर तोंडाने 'चक् चक्' चालूच. मी म्हणायचो, "दाजी, मागं झुका. त्या माणसाने सांगितलं ना?" ते धूळ झटकत म्हणायचे, "कळतंय हो मास्तर. डोक्याला कळतंय. पन मागं गेलं की अंगावर येती, हे पाठीला ठावं हाय. पाठ ऐकंना."

चाळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. "किसनराव, घोडी खरारली का आज?" असं लोक विचारू लागले. दाजी हसायचे. रोज नवं कोपर फुटायचं, रोज आक्का हळद लावायची, आणि मला वाटायचं, ही आज ना उद्या ती सायकल विहिरीत ढकलणार. तसं मी तिला म्हटलंही. ती हळदीची वाटी फडताळात ठेवत म्हणाली, "पडूदेत. पडत्यात तवर हितं हायेत." तेव्हा मला कळलं की त्या रस्त्यावर नुसता खेळ चाललेला नाही.

चैत्र लागला. यात्रा जवळ आली, आणि दाजींच्या थोरल्या भावाचा निरोप आला... एका पाहुण्याची घोडी मिळतेय, बारीपुढे धरायला ये. दाजींनी जेवताना माझ्यादेखत ते आक्काला सांगितलं आणि म्हणाले, "जाऊन येतो." यात 'येतो' किती खरं, हे तिघांनाही ठाऊक होतं. आक्काने भाकरी वाढली. यात्रेच्या आदल्या दिवशी मी शेवटचा म्हणून त्या रस्त्यावर गेलो. पहिल्याच आपटीत सीटचा नट तुटला आणि सीट निखळून आली. दाजींनी ती हँडलला अडकवली. "चला, आता घरी," असं म्हणून ते कॅरियरवर बसले आणि लांबूनच पाय टाकत पायडल मारू लागले. मी बाजूने चालत होतो. लाइनीच्या फाटकाशी थोडा चढ आहे. तिथे त्यांनी जोर लावला, अंगाचं वजन सगळं मागेच होतं, आणि पुढचं चाक आपसूक उचललं गेलं. खांद्याइतकं वर. दाजी घाबरले हे मला दिसलं, पण पुढे झुकायला पुढे काही नव्हतंच. ते तसेच पायडल मारत फाटकापर्यंत गेले. हँडलला लोंबणारी सीट डुलत होती, फाटकवाला हिरवा बावटा तसाच धरून बघत राहिला होता. चाक खाली आलं तेव्हा ते उतरले, सायकल नीट उभी केली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडू लागले. मी जवळ गेलो. मोठा माणूस रडत असताना त्याला काय म्हणावं ते मला येत नाही, म्हणून मी सायकल धरून उभा राहिलो. टोपीने डोळे पुसत ते म्हणाले, "मागं गेलो मास्तर, आन् अंगावर आली न्हाई."

यात्रेला ते गेलेच. आक्का दोन दिवस माझ्याशीसुद्धा धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आधी दाजी चाळीत हजर, सायकलच्या मागे कांद्याचं पोतं बांधलेलं. पाहुण्याची घोडी त्यांनी धरलीच नव्हती. घाटाच्या कडेला लोकांत उभं राहून बाऱ्या पाहिल्या म्हणे. आक्काने पोतं उतरवून घेतलं, कांदे फार आणलेत म्हणून त्यांना रागावली, आणि मग बराच वेळ नळावर जाऊन तोंड धूत राहिली. त्यानंतर दाजी पळाले नाहीत. पुढच्या काळात कॅरियरची गरजही उरली नाही. शनिवारी शिफ्ट सुटली की गेटपासून रस्त्यावरच्या चिंचेच्या झाडापर्यंत ते एका चाकावर जात, आणि त्यांच्या मागे सगळी शिफ्ट ओरडत असे. मला किती वेळा म्हणाले, "बसा की मास्तर, सोपं हाय." मी बसलो नाही, आणि त्याचं मला फार वाईटही वाटत नाही. प्रत्येकाने हाडं मोडून घ्यायलाच हवीत असं नाही. पण शनिवारी त्या वेळेला मी शाळेतून निघून गेटाकडे वळायचो, हे खरं. आता तिकडून जायचं कारण उरलं नाही आणि शनिवार नुसता सुटीच्या आधीचा दिवस होऊन बसला आहे.

दाजींचं दहावं-तेरावं झालं तेव्हा त्यांचा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन आक्काला न्यायला आला. चाळीतली खोली कामगाराची, कामगार गेला की सोडावी लागते, ते रीतसरच आहे. भाऊही वाईट माणूस नाही. "सोपा तुजाच हाय, पोरी. चल," असं तो म्हणाला. आक्का म्हणाली, "त्यांनी मन मारून न्हाई, मन लावून हितं वरसं काढली. मी आता कशापायी परत जाऊ?" गाडी रिकामी गेली. कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या खात्यात बायका घेतात, तिथे ती कामाला लागली, आणि चिंचवडच्या गावठाणात तिने एक खोली घेतली. माझ्या घरी चल असं मी तिला म्हटलं. नको म्हणाली, आणि तिचं नको म्हणजे नकोच असतं.

गेल्या रविवारी पहिल्यांदा त्या खोलीवर गेलो. खोली म्हणजे दोन माणसांनी पाय पसरले की संपली. एका भिंतीला चूल, एकीला ट्रंक आणि पोरीचं दप्तर. दाराआडच्या कोपऱ्यात दाजींची सायकल होती. मागचं चाक जमिनीवर, पुढचं पार वर आढ्याकडे, हँडल खुंटीला सुतळीने बांधलेलं. सायकल सरळ उभी होती. मी बघतच राहिलो. आक्का पीठ मळत होती, तिने मान वर केली नाही.

"अशी का गं उभी केलीस?" मी विचारलं.

"आडवी ठिवली तर पोरगी झोपंल कुठं?" ती म्हणाली. "बस, भाकरी टाकते."